घड्याळावरचा बाण पुसू नका

जुन्या घड्याळांचे शौकीन जगात कुठेही भेटोत, त्यांच्या बोलण्यात कधी ना कधी मुंबईचे नाव निघतेच. ते चांगल्या अर्थाने निघत नाही. तबकडी नव्याने रंगवलेली, काटे एका घड्याळाचे, मशीन दुसऱ्याचे आणि केस तिसऱ्याची, अशा मालाला हे लोक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. भारतातून असा माल इतका गेला की शहराचे नावच त्याला चिकटले. साध्या मनगटी घड्याळात अशी सरमिसळ झाली तर घेणाऱ्याचे पैसे बुडतात, एवढेच. पण तोच ब्रश आणि तेच पॉलिशचे चाक सैन्यातल्या किंवा आरमारातल्या जुन्या खिशातल्या घड्याळावर फिरते तेव्हा जे जाते ते पैशांनी भरून येत नाही. अशा घड्याळावरचे ठसे, क्रमांक आणि ओरखडे हे त्याचे सेवापुस्तक असते. ते एकदा घासून गेले की त्याची दुसरी प्रत कुठेही नसते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने वाटलेले खिशातले घड्याळ हातात घेऊन पाहावे. व्यास पाच सेंटिमीटरच्या आसपास, मुलामा दिलेली केस, सहाच्या आकड्यापाशी सेकंदाचा इवलासा वेगळा काटा, आत बहुधा पंधरा ज्वेलचे स्विस मशीन. समोरून ते कुठल्याही दुकानातल्या घड्याळासारखे दिसते. उलटे केले की गोष्ट बदलते. पाठीवर तीन रेघांचा बाण कोरलेला असतो, त्याखाली जी. एस. टी. पी. ही चार अक्षरे आणि मग क्रमांक. आत ओमेगा असो, सायमा असो, डॉक्सा असो की जेगर-लेकुल्त्र, पाठीवर मात्र बाण आणि क्रमांक यांचेच राज्य. हा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. १८७५च्या कायद्याने ती परवानगीशिवाय उमटवणे हा गुन्हा ठरला आणि मालकी लपवण्यासाठी ती मिटवणे हाही गुन्हाच. काही वस्तूंवर दोन बाण टोकाला टोक लावून कोरलेले दिसतात. सरकारने ती वस्तू रीतसर विकून टाकली, असा त्याचा अर्थ. म्हणजे नोकरीवर रुजू झाल्याची आणि निवृत्तीची, अशा दोन्ही नोंदी एकाच धातूवर.

हे कोरीवकाम फार खोल नसते. पॉलिशच्या चाकाखाली काही मिनिटे धरले की बाण पुसट होतो, आणखी थोडा वेळ धरले की क्रमांक जातो. चकाकी येते, आणि उरते ते एक बेवारशी स्विस घड्याळ.

सैन्याला वेळ इतकी काटेकोर का लागत होती, हे पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईवरून कळते. १ जुलै १९१६ला सकाळी साडेसातला खंदकांतून बाहेर पडायचे ठरले होते. तोफांचा मारा कधी पुढे सरकणार याचे वेळापत्रक आधीच ठरलेले असे आणि पायदळाला त्या माऱ्यामागून चालावे लागे. एखाद्या अधिकाऱ्याचे घड्याळ दोन मिनिटे पुढे असेल, तर त्याची माणसे आपल्याच तोफांच्या तोंडी जाणार. म्हणून चढाईआधी घड्याळे एकमेकांशी जुळवून घेतली जात. खिशातून घड्याळ काढायला हात मोकळा नसतो, या अडचणीतूनच त्या युद्धात मनगटी घड्याळ पुरुषांच्या हातावर रुळले. तरी खिशातले घड्याळ संपले नाही. पुढच्या महायुद्धातही ते सैन्यात होतेच, आणि समुद्रावर तर त्याचे काम आणखी मोठे होते.

समुद्रावरची वेळ ही नुसती वेळ नसते, ती जागा असते. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. ग्रिनिचची वेळ सांभाळणारे घड्याळ घेऊन एखादे जहाज मुंबईच्या बंदरात आले आणि सूर्य नेमका माथ्यावर असताना खलाशाने ते पाहिले, तर त्यात सकाळचे साधारण ७ वाजून ९ मिनिटे झालेली दिसतील. फरक ४ तास ५१ मिनिटांचा. त्याला चार मिनिटांनी भागा, उत्तर येते पावणेत्र्याहत्तर अंश. हेच मुंबईचे रेखांश. आता ते घड्याळ एकच मिनिट चुकले असे धरा. मुंबईच्या अक्षांशावर जहाजाची जागा सुमारे २६ किलोमीटर चुकेल. अंधाऱ्या रात्री खडकाळ किनाऱ्याजवळ २६ किलोमीटर म्हणजे काय, हे कोकण किनाऱ्यावरच्या कोणत्याही तांडेलाला समजावून सांगावे लागणार नाही.

१७०७मध्ये ब्रिटिश आरमाराची जहाजे सिली बेटांच्या खडकांवर फुटून शेकडो खलाशी बुडाले. १७१४मध्ये ब्रिटिश संसदेने समुद्रावर रेखांश शोधण्याच्या खात्रीच्या पद्धतीसाठी २० हजार पौंडांपर्यंतचे बक्षीस जाहीर केले. मोठमोठे खगोलशास्त्रज्ञ आकाशात उत्तर शोधत होते. उत्तर मिळाले ते जॉन हॅरिसन नावाच्या सुताराच्या हातून. त्याची पहिली तीन यंत्रे अवजड होती. १७५९मध्ये पूर्ण झालेले चौथे मात्र तेरा सेंटिमीटर व्यासाचे, दिसायला चक्क एक थोराड खिशातले घड्याळ. १७६१मध्ये हॅरिसनचा मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला निघाला. ८१ दिवसांनी त्याची चूक निघाली सुमारे पाच सेकंद. जहाजावरच्या अचूक घड्याळाचा सारा इतिहास या एका घड्याळापासून सुरू होतो.

त्यानंतर लार्कम केंडल या घड्याळजीने हॅरिसनच्या घड्याळाची हुबेहूब नक्कल केली. ती कॅप्टन कुकने आपल्या दुसऱ्या सफरीवर नेली आणि तिची तोंडभरून स्तुती केली. पण संग्राहकांनी लक्ष द्यावे असे आहे ते केंडलचे दुसरे घड्याळ, के-टू. १७८७मध्ये ते ‘बाउंटी’ जहाजाचा कप्तान ब्लाय याच्याकडे सोपवले गेले. एप्रिल १७८९मध्ये खलाशांनी बंड केले, ब्लायला होडीत बसवून समुद्रात सोडले आणि घड्याळ ठेवून घेतले. बंडखोर पिटकेर्न बेटावर जाऊन लपले आणि घड्याळही तिथेच राहिले. १८०८मध्ये मेह्यू फोल्जर हा अमेरिकी कप्तान योगायोगाने त्या बेटावर पोहोचला, तेव्हा बंडखोरांपैकी एकच जण जिवंत होता. घड्याळ फोल्जरला मिळाले, पण हुआन फर्नांडेस बेटावर स्पॅनिश अधिकाऱ्याने ते काढून घेतले. तिथून ते दक्षिण अमेरिकेत हातोहात फिरले. १८४०मध्ये चिलीत थॉमस हर्बर्ट या ब्रिटिश आरमारी कप्तानाने ते विकत घेतले. १८४३मध्ये ते इंग्लंडला परतले आणि आज ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमच्या संग्रहात आहे.

बंडखोर, अमेरिकी कप्तान, स्पॅनिश अधिकारी, चिलीतले मालक, ब्रिटिश आरमार. या साखळीतल्या कुणी एकाने जरी ‘जुने दिसते’ म्हणून तबकडीवरचे केंडलचे नाव घासून नवे रंगवून घेतले असते, तर हे तेच घड्याळ आहे असे आज कशाच्या आधारे म्हणता आले असते?

मुंबईचाही या इतिहासात वाटा आहे. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६मध्ये उभारली ती खगोलीय निरीक्षणे आणि वेळ ठेवणे, या दोन कामांसाठी. बंदराच्या शहराला दुसऱ्या कामाची गरज पहिल्याइतकीच होती. ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर याच वेधशाळेचे संचालक होते आणि गणिती केरूनाना छत्रे यांनीही इथे काम केले. मराठी वृत्तपत्रांचा जनक आणि बंदराच्या वेळेचा राखणदार हा एकच माणूस होता, ही गोष्ट आपल्या शाळांत सांगितली जायला हवी. पुढे १९०६मध्ये देशभर एक प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली ४ तास ५१ मिनिटांची वेळ सोडली नाही. शहराच्या कारभारातून ती पुरती गेली १९५५मध्ये.

जहाजावर मुख्य क्रोनोमीटर, म्हणजे ग्रिनिचची वेळ राखणारे अचूक घड्याळ, आपल्या पेटीत, शक्यतो न हलवता ठेवलेले असते. सूर्य किंवा ताऱ्याचा वेध घ्यायचा तर डेकवर जावे लागते, आणि क्रोनोमीटर तिथे नेता येत नाही. म्हणून डेक वॉच. क्रोनोमीटरशी सेकंदासेकंदाने ताडून घ्यायचे, वर न्यायचे, सेक्स्टंटने वेध घेतला त्या क्षणाची वेळ टिपायची आणि पुन्हा खाली यायचे. त्यामुळे डेक वॉच नेहमीच्या खिशातल्या घड्याळापेक्षा मोठे, तबकडी कमालीची सुवाच्य आणि राहणे लाकडी पेटीत. दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकी नौदल अशा घड्याळांसाठी युरोपवर अवलंबून होते. युद्धाने तो पुरवठा तुटला. मग पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या हॅमिल्टन कंपनीने क्रोनोमीटर कारखान्यात घाऊक पद्धतीने तयार केले. दहा हजारांहून अधिक ‘मॉडेल २१’ तिथून बाहेर पडली. सोबत निघालेले ‘मॉडेल २२’ हे डेक वॉच आज संग्राहकांचे लाडके आहे, आणि ते योग्यच. एकवीस ज्वेल, तबकडीवर चावी किती उरली हे दाखवणारा काटा, दागिन्याचा कसलाही आव नाही. याच कंपनीचे ‘४९९२ बी’ हे काळ्या तबकडीचे घड्याळ विमानातल्या दिशादर्शकांसाठी होते. त्यावर बाराऐवजी चोवीस तास आहेत, आणि चावीचे बटण ओढले की सेकंद काटा जागीच थांबतो, म्हणजे रेडिओच्या ठोक्याशी घड्याळ सेकंदापर्यंत जुळवता येते. कामाच्या वस्तूचे सौंदर्य कशात असते, ते या दोन घड्याळांत दिसते.

जर्मन नौदलासाठी ग्लासह्यूटे गावच्या ए. लांगे उंड झ्योने या कंपनीने अशीच निरीक्षण-घड्याळे केली. युद्ध संपले त्याच दिवशी, ८ मे १९४५ला, तिच्या कारखान्यावर बॉम्ब पडले. अस्सल लांगे घड्याळ संग्रहात ठेवणे म्हणजे नाझी राजवटीचा गौरव नव्हे, तो पुरावा आहे आणि पुरावा जपलाच पाहिजे. पण इथेच बाजारातली सर्वांत किळसवाणी लबाडी चालते. रशियातल्या चेल्याबिन्स्कच्या कारखान्यात महायुद्धानंतर ‘मोल्निया’ नावाची खिशातली घड्याळे बनू लागली. अठरा ज्वेलचे, कोर्तेबेर या स्विस मशीनवर बेतलेले दणकट यंत्र. मूळ रूपात ही घड्याळे छान आहेत, काहींच्या झाकणांवर शिडाची जहाजे कोरलेली असतात. तीच घड्याळे घेऊन, त्यांवर गरुड आणि स्वस्तिकाची तबकडी बसवून ‘जर्मन पाणबुडीवरचे’ म्हणून विकणारे लोक आहेत. झाकण उघडून मशीनवरचा ३६०२ हा क्रमांक पाहिला की लबाडी उघडी पडते, कारण ते मशीन हिटलर मेल्यानंतरचे आहे. अशी वस्तू विकणारा दोनदा खोटे बोलतो. तो ग्राहकाला फसवतो आणि लक्षावधींच्या मृत्यूची खूण शोभेसाठी वापरतो. ती विकत घेऊच नये, स्वस्तात मिळाली तरी नाही.

नकलांचा दुसरा झरा आपल्याच देशात आहे. रुरकीत पितळी होकायंत्रे, सेक्स्टंट, दुर्बिणी आणि साखळीची घड्याळे बनतात. शोभेची वस्तू म्हणून विकली तर त्यात वावगे काहीच नाही, कारागिरांचे पोट त्यावर चालते. पण त्यावर ‘१९१२’ आणि टायटॅनिकचे नाव कोरून, मुद्दाम काळपट करून, जुन्या जहाजातून निघाल्याची कहाणी सांगून तीच वस्तू विकली जाते तेव्हा ती सरळ फसवणूक असते. मुंबईत दारूखान्याला आणि गुजरातेत अलंगला खरोखर जहाजे तोडली जातात, त्यांतून खरी घड्याळेही निघतात. त्यामुळे अशी कहाणी पटकन पटते. जिथे खरा माल येतो तिथेच खोटा माल खपतो.

टायटॅनिकचीच खरी उदाहरणे पाहिली, तर पैसे कशाचे मोजले जातात ते कळते. बुडालेल्या प्रवाशांपैकी सर्वांत श्रीमंत, जॉन जेकब ॲस्टर याचे सोन्याचे वॉल्थम घड्याळ त्याच्या मृतदेहासोबत सापडले. मुलाने ते दुरुस्त करून पुढे वापरले. एप्रिल २०२४मध्ये इंग्लंडमधल्या लिलावात त्याला पावणेबारा लाख पौंड आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणखी एक घड्याळ विकले गेले. ‘कार्पेथिया’ जहाजाचा कप्तान आर्थर रोस्ट्रन याने ७००हून अधिक जिवांना वाचवले होते. ॲस्टरच्या पत्नीसह तीन विधवांनी कृतज्ञतेने त्याला टिफनीचे सोन्याचे घड्याळ दिले. त्याला मिळाले १५ लाख ६० हजार पौंड. सोन्याच्या भावाने या रकमेचा हिशेब लागणार नाही. घड्याळावर कोरलेले शब्द, आद्याक्षरे, कुणाकडून कुणाकडे गेले याचा पुरावा, याचे ते पैसे आहेत. आणि ॲस्टरच्या मुलाने ते दुरुस्त करून घेतले होते, हेही लक्षात ठेवावे. दुरुस्ती हा गुन्हा नाही. यंत्र खोलणे, सुकलेले तेल काढणे, नवे घालणे, तुटलेली स्प्रिंग बदलणे, हे घड्याळाला जगवणे आहे. केस घासणे आणि तबकडी रंगवणे हे त्याला पुसणे आहे. जाणता घड्याळजी हा फरक ओळखतो. तो नव्याने चमकवलेल्या घड्याळाची मागणी करणाऱ्या गिऱ्हाइकाला समजावतो, आणि ऐकले नाही तर काम परत करतो. दुर्दैवाने असे हात कमी होत चालले आहेत.

तबकडी रंगवण्यात आणखी एक धोका आहे. त्याची चर्चा आपल्याकडे जवळपास होत नाही. दोन्ही महायुद्धांच्या काळात अंधारात दिसणाऱ्या आकड्यांसाठी रेडियम वापरले जाई. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी अशा तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशचे टोक ओठांनी नीट करत. त्यांतल्या कित्येकींचे जबड्याचे हाड सडले, कित्येकी मेल्या. १९२०च्या दशकातली ती शोकांतिका जगभर गाजली. आज ती तबकडी चमकत नाही म्हणून रेडियम संपले असे समजू नये. चमक देणारे जस्ताचे संयुग निकामी झाले आहे, रेडियम आहे तिथेच आहे. त्याला निम्मे व्हायलाच सोळाशे वर्षे लागतात. बंद घड्याळ कपाटात ठेवण्यात फारसा धोका नाही. पण बंदिस्त खोलीत, मास्क न लावता, असा जुना रंग खरवडणारा कारागीर ती भुकटी श्वासातून आत घेतो. हौशी गिऱ्हाइकाच्या चकाकीची किंमत त्या माणसाच्या फुप्फुसांनी का मोजावी? तबकडीवर तपकिरी पडलेले जाडसर आकडे दिसले तर काच उघडू नये आणि उघडूही देऊ नये.

हे सगळे लांबचे, परदेशी संग्राहकांचे विषय वाटण्याचे कारण नाही. वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळे महाराष्ट्रातल्या किती घरांत असतील! तबकडीवर ‘बॉम्बे’ आणि ‘कलकत्ता’ छापलेले, काहींवर ‘सोवार’ म्हणजे घोडेस्वार हे नाव. भारतातल्या फौजेला डोळ्यांसमोर ठेवून दिलेले ते नाव आहे. मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढल्या, कुतच्या वेढ्यात अडकल्या. कोकणातले आणि गोव्यातले खलाशी पिढ्यानपिढ्या बोटीवर नोकरीला गेले. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या घरांत आजोबा-पणजोबांची ट्रंक उघडली की पदक निघते, डिस्चार्जचा कागद निघतो आणि पुष्कळदा बंद पडलेले घड्याळ निघते. पदक जपले जाते. घड्याळ मात्र भंगारवाल्याकडे जाते, नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात पोहोचते आणि तिथून थेट रंगाऱ्याकडे. ट्रंकेतून निघाले तेव्हा त्यासोबत एक माणूस होता, एक पलटण होती, एक बोट होती. बाजारात पोहोचेपर्यंत यातले काहीही उरत नाही. विकणाऱ्याला दोन पैसे मिळाले याबद्दल तक्रार नाही, गरज सगळ्यांना असते. पण नाव लिहून दिले असते तर तेच घड्याळ चार पैसे जास्त घेऊन गेले असते आणि त्या माणसाचे नावही टिकले असते.

कायदाही माहीत असावा. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातली घड्याळे ही शंभरी ओलांडून गेली आहेत. परदेशी संकेतस्थळांवर बिनदिक्कत माल पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आणि ज्यांच्या घरात असे घड्याळ आहे त्यांनी एवढेच करावे. त्याला जोराने चावी देऊ नये, सुकलेल्या तेलावर यंत्र झिजते. पॉलिश करू नये, कुणी फुकट करून देतो म्हणाला तरी नाही. घरातल्या सर्वांत जुन्या माणसाजवळ बसून घड्याळ कुणाचे, तो कुठल्या पलटणीत किंवा बोटीवर होता, कुठल्या साली परतला, हे कागदावर उतरवून घ्यावे. पाठीवरच्या प्रत्येक अक्षराचा आणि आकड्याचा फोटो काढावा, आणि कागद घड्याळासोबतच ठेवावा. सांभाळणे होत नसेल तर विकण्याआधी बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला किंवा मुंबईच्या मेरिटाइम हिस्टरी सोसायटीला एकदा विचारावे. विकायचेच ठरले तर कागदासकट विकावे. आजोबांची आठवण सांगणारे माणूस घरात आहे तोवर, येत्या रविवारीच हे काम उरकून घ्यावे.